नागसेनवनातली चर्चा आणि तिची बदलती साधने

संस्थेचा इतिहास लिहायचा म्हटले की आपल्याकडे स्थापनेची तारीख, पहिले पदाधिकारी, इमारतीची कोनशिला आणि त्यानंतरच्या अध्यक्षांची नामावली असा क्रम ठरलेला असतो. ‘अस्मितादर्श’बद्दल त्या क्रमाने लिहायला गेले तर दोन पानांत विषय आटोपेल. एक त्रैमासिक, त्याच्याभोवती जमलेले लेखक आणि वाचक, आणि त्या दोघांना एका मांडवात आणणारे मेळावे, एवढाच या संस्थेचा संसार. तरीही मराठी साहित्याचे चित्र ज्यांनी बदलले अशा संस्थांची यादी कोणी केली, तर औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, या संस्थेला वगळून ती पुरी होणार नाही. ज्यांचे म्हणणे तोवर कोणी मागितले नव्हते त्यांनी बोलावे आणि त्यांच्या बोलण्याला चारचौघांत, नावानिशी उत्तर मिळावे, ही सोय तिने केली. आज हीच चर्चा मोबाइलवर न्यावी, जुने अंक संगणकावर आणावेत, असा आग्रह धरला जातो; तसे केल्याने मूळ काम हरवेल, अशी भीतीही बोलून दाखवली जाते. या लेखाचे म्हणणे असे की, या परंपरेने आपली साधने पहिल्यापासून बदलत आणली, पण चर्चेची शिस्त सोडली नाही. नवे साधन घेताना ती शिस्त त्यात टिकते का, एवढे पाहायचे आहे.

ही शिस्त कुठून आली ते समजण्यासाठी त्रैमासिकाच्या आधी सतराएक वर्षे मागे जावे लागते. निजामाच्या राज्यात मराठवाड्यातल्या मुलाला पदवीपर्यंत शिकायचे तर हैदराबाद गाठावे लागे, आणि १९१८ साली निघालेल्या तिथल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. जाहीर सभा घ्यायची तर ‘गश्ती निशाण ५३’ या फर्मानाप्रमाणे आधी परवानगी काढावी लागे. सार्वजनिक बोलण्याची सवयच मोडून टाकणारी ती व्यवस्था होती. सप्टेंबर १९४८ मध्ये ते राज्य संपले, आणि त्यानंतर दोन वर्षे पुरी व्हायच्या आत, जून १९५० मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. पुढे महाविद्यालयाला मिलिंद हे नाव मिळाले आणि भोवतालचा परिसर नागसेनवन झाला. दोन्ही नावे ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातली. प्रश्न विचारणारा ग्रीक राजा मिलिंद आणि उत्तरे देणारा भिक्खू नागसेन यांचा तो संवाद. त्यात एक प्रसंग असा आहे की, राजा चर्चेचे आमंत्रण देतो तेव्हा नागसेन आधी अट घालतो. पंडितांच्या रीतीने बोलणार असाल तर बोलू, राजांच्या रीतीने बोलणार असाल तर नाही. राजा फरक विचारतो. पंडितांच्या चर्चेत एक जण गाठ मारतो, दुसरा सोडवतो, चूक दाखवली जाते आणि मान्यही केली जाते, पण कोणी कोणावर रागावत नाही. राजांच्या चर्चेत राजा एक बाजू धरतो आणि जो ती मान्य करत नाही त्याला शिक्षा होते. मिलिंद पंडितांची रीत पत्करतो, तेव्हाच पुढचा संवाद सुरू होतो. ज्या विद्यार्थ्यांच्या आजा-पणजांना गावच्या चावडीवर उभे राहून उत्तर देण्याचीही मुभा नव्हती, त्यांच्या महाविद्यालयाला या राजाचे नाव देण्यात एक स्पष्ट कार्यक्रम होता, असे मानायला जागा आहे.

या कार्यक्रमासाठी लागणारी साधने मात्र बाबासाहेबांनी आयुष्यभर बदलत ठेवली. ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. ‘केसरी’ने मात्र पैसे घेऊनसुद्धा त्याची जाहिरात छापायला नकार दिला, ही नोंद पुढे बाबासाहेबांनीच करून ठेवली. ‘मूकनायक’ काही वर्षांत बंद पडले. ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ आले, आणि त्यातला बराचसा मजकूर संपादकाला एकहाती लिहावा लागला. मग १९३० साली ‘जनता’, आणि १९५६ साली त्याचेच ‘प्रबुद्ध भारत’. पत्राचे नाव बदलले, संपादक बदलले, पाक्षिकाचे साप्ताहिक झाले. एका पत्राचा आग्रह धरून बसण्यात त्यांनी शक्ती घालवली नाही. या साऱ्या पत्रकारितेचा कसून अभ्यास ज्यांनी केला, ते गंगाधर पानतावणे हेच पुढे ‘अस्मितादर्श’चे संपादक झाले. ‘पत्रकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ हा त्यांचा प्रबंध अभ्यासकांना ठाऊक आहे. संपादनाच्या टेबलाशी बसताना आपण कोणत्या साखळीतला दुवा आहोत हे त्यांना नेमके माहीत होते, आणि साखळी म्हणजे एकाच मापाच्या कड्या नव्हेत हेही माहीत होते.

साठच्या दशकात मिलिंद महाविद्यालयात बाबासाहेबांच्या स्वप्नातली पहिली पिढी शिकून बाहेर पडू लागली होती. त्या मुलांकडे सांगण्यासारखे खूप होते आणि ते छापणारे फार थोडे. अमेरिकेत संशोधन करून परतलेले डॉ. म. ना. वानखेडे यांनी तिथल्या कृष्णवर्णीयांचे साहित्य जवळून पाहिले होते. आपल्या दुःखाविषयी दुसऱ्याने लिहिण्याची वाट न पाहता स्वतः, आणि बंडखोरीने, लिहा, असे ते विद्यार्थ्यांना सांगत राहिले. वानखेडे, पानतावणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून १९६७ साली ‘अस्मिता’ हे त्रैमासिक निघाले आणि लवकरच ते ‘अस्मितादर्श’ या नावाने स्थिरावले. त्याच सुमारास या शहरातली चर्चा नागसेनवनाच्या कुंपणाबाहेरही पोचली. अनंत भालेराव यांच्या ‘मराठवाडा’ने १९६९ च्या दिवाळी अंकात दलित साहित्याच्या प्रेरणा आणि दिशा यांवरची चर्चा छापली. ती चर्चा आजही अभ्यासकांना टाळता येत नाही. एकाच शहरातले एक दैनिक आणि एक त्रैमासिक मिळून मराठी समीक्षेला नवा विषय देतात, ही घटना मुंबई-पुण्याकडे पाहत बसायची सवय लागलेल्या मराठवाड्याने अधिक अभिमानाने सांगायला हवी.

त्रैमासिकाने चर्चा कशी चालवली हे पाहिले की, आजच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मिळते. दलित साहित्याचा प्रवाह आतून एकजिनसी कधीच नव्हता. या साहित्याला दलित म्हणावे, बौद्ध म्हणावे की आंबेडकरवादी, यावर वाद होता. मार्क्सचा आधार घ्यावा की बुद्ध आणि आंबेडकर पुरेसे आहेत, यावर १९७२ साली स्थापन झालेल्या दलित पँथरमध्येही पुढे फूट पडली. दलित नसलेल्या लेखकाने लिहिलेले दलित साहित्य होऊ शकते का, हा प्रश्न तर प्रत्येक पिढी नव्याने विचारते. दलित म्हणजे एक जात नसून ते परिवर्तनाचे आणि क्रांतीचे नाव आहे, अशी स्वच्छ भूमिका पानतावणे यांनी घेतली आणि ती शेवटपर्यंत मांडली. पण संपादकाची स्वतःची भूमिका ठाम असणे आणि त्याने दुसऱ्याची भूमिका दाबणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कविता, कथा, आत्मकथन, समीक्षा आणि खंडनमंडन एकाच अंकाच्या दोन पुठ्ठ्यांत आले, त्यामुळे वाचकाला वादाच्या दोन्ही बाजू हातात धरता आल्या. नाव आधी कोणी ऐकले नव्हते असे कवी या पानांवर प्रथम दिसले. वाद कागदावरच संपू नये म्हणून लेखक-वाचक मेळावे झाले. कविता लिहिणारा, ती वाचणारा आणि तिच्यावर टीका करणारा हे तिघे त्यामुळे एका सतरंजीवर आले. या मेळाव्यांकडे साहित्याच्या इतिहासकारांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. प्रस्थापित संमेलनांत वाचक श्रोता म्हणून येत असे. इथे मेळाव्याच्या नावातच त्याला लेखकाच्या बरोबरीचे स्थान होते.

या वातावरणाचे फळ पुढच्या दशकात दिसले. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले. प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ साली. त्याच काळात या शहराने आणि मराठवाड्याने फार वाईट दिवसही पाहिले. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाला आणि खेडोपाडी दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ पर्यंत थांबावे लागले. चर्चा राजांच्या रीतीने झाली की काय होते, ते या साडेपंधरा वर्षांनी दाखवले. अशा काळातही एक त्रैमासिक वादाची जागा उघडी ठेवत राहिले, ही या संस्थेच्या इतिहासातली सर्वांत मोठी कामगिरी मानावी लागेल. पानतावणे यांना २००९ साली सॅन होजे येथे भरलेल्या पहिल्या विश्व मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले, २०१८ साली पद्मश्री मिळाली, आणि त्याच वर्षी २७ मार्चला ते गेले. हे मान त्यांच्या वाट्याला आले याचा आनंद आहेच, पण संस्थेच्या इतिहासात त्यांचे वजन उघड्या ठेवलेल्या त्या पानांइतके नाही.

आता नव्या साधनांविषयी. पहिला आक्षेप असा घेतला जातो की, आज प्रत्येकाच्या खिशात लिहिण्याचे आणि प्रसिद्ध करण्याचे साधन आहे, मग संपादकाने निवड करायची गरजच काय. हा आक्षेप हलक्याने झटकून टाकण्यासारखा नाही, कारण निवडीच्या नावाखाली बाहेर ठेवले जाण्याचा सर्वाधिक अनुभव दलित लेखकांनाच आहे. अभिरुची, भाषेची शुद्धता, कलात्मकता या शब्दांनी त्यांचे लेखन किती वेळा परत गेले याची गणती नाही. पण ‘अस्मितादर्श’ निघाले ते संपादनाची गरज संपली म्हणून नव्हे. संपादन कोणी आणि कशासाठी करायचे हे बदलायला हवे होते म्हणून. साभार परत पाठवणारा संपादक आणि ‘दुसरे कडवे पुन्हा लिही, शेवट सोडू नकोस’ असे कळवणारा संपादक, दोघेही निवडच करतात, पण पहिल्याच्या निवडीने माणूस गप्प होतो आणि दुसऱ्याच्या निवडीने तो लेखक होतो. पडद्यावरच्या खुल्या जागेत हा दुसरा माणूस नसतो. तिथे नवख्याच्या कवितेला शंभर अंगठे मिळतात आणि एकही दुरुस्ती मिळत नाही. म्हणून नव्या व्यवस्थेत संपादक हवाच. एक हवा की मंडळ हवे, हा पुढचा प्रश्न. माझ्या मते मंडळ हवे, त्यात निम्म्या स्त्रिया हव्यात, तरुण हवेत, त्याची मुदत ठरलेली हवी, आणि लेखन का नाकारले याचे कारण लेखकाला लेखी कळवण्याचे बंधन मंडळावर हवे. संपादकाच्या पत्राची जागा कोणतेही यंत्र घेऊ शकणार नाही, पण ते पत्र आता खेड्यातल्या मुलीपर्यंत त्याच दिवशी पोचू शकते.

दुसरा आक्षेप याच्या उलट दिशेने येतो. दारे उघडली की शिवीगाळ आत येते, जातीवरून हिणवणारे येतात, आणि लिहिणाऱ्या स्त्रियांना तर ते सर्वांत आधी गाठतात. ही भीती खरी आहे, आणि नुसत्या सहनशीलतेच्या उपदेशाने ती जाणार नाही. इथे नागसेनाची अट उपयोगाला येते. त्याने राजाशी चर्चा नाकारली नव्हती, चर्चेआधी तिची रीत ठरवून घेतली होती. मताला विरोध कितीही कडवा असो, तो ठेवायचा. माणसाच्या जन्मावर, देहावर, पोटावर घाला घालणारे बोलणे काढायचे. आणि काढले तर का काढले ते जाहीरपणे नोंदवायचे. निनावी बोलण्याची मुभा द्यायची का, यावर प्रामाणिक मतभेद आहेत. गावात राहून गावातल्या अन्यायाबद्दल लिहिणाऱ्याला नाव लपवावे लागू शकते. त्याचे नाव संपादक मंडळाला माहीत असावे आणि अंकात नसले तरी चालावे, ही वृत्तपत्रांतली जुनी तडजोड इथेही चालेल. दुसऱ्यावर आरोप करणाऱ्याला मात्र ही सवलत नको.

सर्वांत निकडीचे काम मात्र भविष्यातल्या चर्चेचे नाही, झालेल्या चर्चेचे आहे. जुने अंक आज कोणाच्या माळ्यावर, कोणा ग्रंथालयाच्या तळाच्या फळीवर, सुटे आणि पिवळे पडलेले असतील. नियतकालिकाचा इतिहास कागद टिकेल तेवढाच टिकतो. ‘बहिष्कृत भारत’ आणि ‘मूकनायक’ आज आपल्याला वाचता येतात, याचे कारण महाराष्ट्र शासनाने १९९० साली त्यांचे अंक एकत्र करून पुन्हा छापले. बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यूबॉइस यांना लिहिलेले पत्र मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संग्रहात आहे, आणि ते संगणकावर आणल्यामुळे लातूर-परभणीच्या विद्यार्थ्यालाही घरबसल्या पाहता येते. ‘अस्मितादर्श’चा संपूर्ण संच असा एका जागी वाचायला मिळावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

हे काम नुसते फोटो काढण्याचे नाही, हे मात्र आधीच समजून घ्यावे. खिळ्यांच्या छपाईतला जुना मजकूर यंत्राकडून वाचून घेताना झिजलेला रफार आणि उडालेला अनुस्वार हमखास चुकतो. त्याहून मोठा घोटाळा पुढच्या पायरीवर होतो. शब्द आपोआप दुरुस्त करणारी सोय ‘व्हता’चे ‘होता’ करते, ‘न्हाई’चे ‘नाही’ करते, आणि ‘धम्म’ दिसला की तिथे ‘धर्म’ सुचवते. ज्या साहित्याने गावकुसाबाहेरची बोली तिच्या मूळ रूपात पानावर आणण्यासाठी भांडण केले, त्याचीच भाषा जतन करण्याच्या नादात प्रमाण होऊन जाईल. म्हणून प्रत्येक पानाचे चित्र आणि त्याचा शोधता येणारा मजकूर अशी दोन्ही रूपे शेजारी ठेवावी लागतील, आपोआप दुरुस्ती बंद ठेवावी लागेल, आणि मुद्रितशोधनाला ती बोली घरात बोलली जाते असे तरुण बसवावे लागतील. मराठीचे विद्यार्थी हे काम शिकतील तर त्यात त्यांचाही फायदा आहे. मजकुरापाठोपाठ सूची हवी. लेखक, गाव, साहित्यप्रकार आणि वाद, अशा चार अंगांनी. वादाची सूची सर्वांत अवघड आणि सर्वांत उपयोगी, कारण एका अंकातल्या लेखाला पुढच्या कोणत्या अंकात उत्तर आले, हा धागा तिच्यावाचून सापडणार नाही.

इथे कायदाही आड येतो. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. बाबासाहेबांचे लेखन २०१७ पासून सर्वांना खुले झाले. दलित कथाकार बाबुराव बागूल २००८ साली गेले, त्यांच्या लेखनाचा हक्क २०६८ अखेरपर्यंत वारसांकडे राहील. पानतावणे यांचा २०७८ अखेरपर्यंत. त्रैमासिकात बाहेरच्या लेखकाने दिलेल्या लेखाचा हक्क सामान्यतः त्या लेखकाचाच असतो, त्यामुळे अंक आपले म्हणून सगळाच मजकूर खुला करता येणार नाही. ‘चळवळीचे साहित्य आहे, परवानगी कसली मागायची’ असे उत्साहाने म्हणणारे भेटतात. आयुष्यभर ज्यांचे श्रम फुकट घेतले गेले, त्यांच्या लेकरांना न विचारता त्यांचे शब्दही घ्यायचे, हे या परंपरेला शोभणारे नाही. संमतीची पत्रे पाठवावी लागतील, पत्ते शोधावे लागतील, आणि जिथे संमती नाही तिथे फक्त सूचीतली नोंद ठेवून थांबावे लागेल. काम त्यामुळे लांबेल. लांबू द्यावे.

पैशाचा प्रश्न टाळता येणार नाही. अशी त्रैमासिके वर्गणी, देणगी आणि संपादकाच्या खिशावर चालतात, हे सर्वांना माहीत आहे. नव्या साधनांना सुरुवातीला कागदापेक्षा कमी खर्च येतो म्हणून अनेक जण हुरळून जातात, पण दरवर्षी जागेचे भाडे, तांत्रिक देखभाल आणि मजकूर सांभाळणाऱ्याचे मानधन लागतेच, आणि ते थांबले की एका रात्रीत सगळा संग्रह दिसेनासा होतो. छापील अंक निदान माळ्यावर तरी राहतो. म्हणून जाहिरातींवर चालणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या फुकट जागेत सगळा संसार मांडू नये. तिथे काय वर दिसावे आणि काय खाली जावे हे दुसराच कोणी ठरवतो, आणि कशासाठी ठरवतो हे आपल्याला विचारताही येत नाही. संग्रहाची एक प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात, एक नागसेनवनात आणि एक शहराबाहेर असावी. शासनाचे अनुदान मिळाले तर घ्यावे, पण संपादक मंडळाच्या नेमणुकीत देणाऱ्याचा हात नको. शाहू महाराजांनी अडीच हजार दिले, पण ‘मूकनायक’चा अग्रलेख बाबासाहेबांनीच लिहिला.

शेवटचा आक्षेप भावनेचा आहे आणि म्हणून सर्वांत बळकट. ‘अस्मितादर्श’ म्हणजे पानतावणे सर. त्यांच्यामागे त्या नावाने काही चालवणे म्हणजे त्यांच्या स्मृतीशी खेळणे, असे त्यांच्यावर माया असणारे म्हणतात. पण ज्या परंपरेत ‘मूकनायक’ बंद पडल्यावर ‘बहिष्कृत भारत’ निघाले, आणि ‘जनता’चे ‘प्रबुद्ध भारत’ झाले, तिच्यात एका संपादकानंतर चर्चा थांबवण्याचा दाखला नाही. नाव तेच ठेवायचे की नवे घ्यायचे, हा निर्णय त्यांच्या कुटुंबाने आणि जवळच्या सहकाऱ्यांनी करावा, त्यात बाहेरच्यांनी पडू नये. चर्चेची जागा मात्र कोणा एका घराची नाही. छापील अंक वर्षातून एकदा तरी निघावा, कारण खेड्यातल्या वाचनालयात आजही पडद्यापेक्षा कागदच अधिक हातांतून फिरतो. मेळावा तर वगळताच येणार नाही. समोर बसलेल्या माणसाला खोडून काढायला जे धैर्य आणि जी सभ्यता लागते, ती पडद्यावर शिकता येत नाही.

जुने अंक एका जागी आणण्यासाठी या स्मरणिकेच्या वाचकांकडे एक विनंती आहे. आपल्याकडे ‘अस्मितादर्श’चे जुने अंक, दिवाळी अंक, मेळाव्यांच्या निमंत्रणपत्रिका किंवा संपादकांची पत्रे असतील, तर ती रद्दीत जाऊ देऊ नका. अंक फाटका असला, मुखपृष्ठ गेले असले तरी चालेल. वर्ष आणि अंक क्रमांक लिहून यादी करा, पत्रांवर नाव आणि तारीख नोंदवा, प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता सुती कापडात गुंडाळा, आणि स्मरणिकेच्या आयोजकांना कळवा. मूळ प्रत आपलीच राहील. पानांची चित्रे घेतल्यावर ती परत मिळेल. ज्यांच्या आईवडिलांची एखादी कविता तिथे छापून आली असेल, त्यांनी संमतीपत्र द्यावे.